जाहिराती ब्लॉक केल्यावर सीटीआरचं आणि कमाईचं काय होतं: अ‍ॅडसेन्स नव्याने लावणाऱ्यांसाठी

माझी साइट द्राक्षबागेची आहे. छाटणी, डिपिंग, डावणी-भुरी, ठिबक, सरकारी योजना असं सगळं मराठीतून लिहितो आणि साइटचा खर्च अ‍ॅडसेन्सच्या पैशातून भागवतो; म्हणजे गूगल साइटवर जाहिराती दाखवतं आणि त्याचे पैसे देतं, ती सेवा. एका ऑक्टोबरात, छाटण्या ऐन रंगात असताना, निफाडकडच्या एका काकांचा फोन आला. ठिबकच्या अनुदानावरचा माझा लेख वाचताना त्यांना मधेच 'पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रं नकोत' अशी जाहिरात दिसली होती. त्यांनी ते अ‍ॅप घेतलं, कर्ज काढलं. हातात आलेली रक्कम मागितल्यापेक्षा बरीच कमी होती, आणि आठवडा भरायच्या आत वसुलीचे फोन सुरू झाले, तेही त्यांना नाही, त्यांच्या मेव्हण्याला आणि गावातल्या सोसायटीच्या सचिवाला. "तुमच्या साइटवर होतं म्हणून विश्वास ठेवला," एवढंच ते म्हणाले.

त्याच रात्री मी अ‍ॅडसेन्स उघडलं आणि पैशांशी संबंधित जाहिरातींचा अख्खा गट बंद करून टाकला. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर सीटीआर, म्हणजे दिसलेल्या जाहिरातींवर क्लिक होण्याचं प्रमाण, वाढलेला. मला वाटलं, वाईट जाहिराती गेल्या, चांगल्या आल्या, वाचक जास्त क्लिक करतायत. महिना संपला तेव्हा कमाई उतरलेली होती. सीटीआर वर आणि पैसे खाली, हे गणित सुटायला मला बरेच महिने लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून जे केलं, चुकलं आणि दुरुस्त केलं ते क्रमाने लिहितो.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- अ‍ॅडसेन्स खात्याचं प्रशासक म्हणून लॉगिन. साइट भागीदारीत असेल तर भागीदाराला आधी सांगा.
- मागच्या किमान दोन महिन्यांचा अहवाल, दिवसवार, उतरवून घेतलेला.
- एक वही किंवा शीट. कोणत्या तारखेला काय ब्लॉक केलं आणि का, हे त्यात लिहायचं. ही वही नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.
- वाचकांनी पाठवलेले नको असलेल्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट.
- साइटच्या मुळाशी असलेली 'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' ही फाइल, म्हणजे तुमच्या साइटवर जाहिराती विकायची परवानगी कुणाला आहे त्याची यादी, व्यवस्थित आहे याची खात्री. ती बिघडलेली असेल तर कमाई आधीच गळत असते आणि आळ ब्लॉकिंगवर येतो.

## १. तीन आकड्यांतला फरक पक्का करा

सीटीआर म्हणजे शंभर वेळा जाहिरात दिसली तर किती वेळा क्लिक झाली. सीपीसी म्हणजे एका क्लिकमागे सरासरी किती पैसे पडले. पेज आरपीएम म्हणजे तुमचं पान हजार वेळा उघडलं तर किती कमाई झाली.

नवे लोक सीटीआरला चिकटून बसतात, मीही बसलो होतो. क्लिक डोळ्यांना दिसतात म्हणून तसं होत असावं. पण तुमच्या खिशाशी सरळ नातं आहे ते पेज आरपीएमचं. सीटीआर हा कमाईच्या गणितातला एक गुणक आहे. दुसरा गुणक, म्हणजे त्या क्लिकची किंमत, त्याच वेळी घसरत असेल तर सीटीआर वाढून काहीच उपयोग नाही.

यात २०२४ पासून एक गोष्ट बदलली. गूगलने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आणि २०२४ च्या सुरुवातीला अमलात आणलं, की अ‍ॅडसेन्समध्ये प्रकाशकाला, म्हणजे साइटवाल्याला, मोबदला क्लिकवर न मिळता जाहिरात दिसण्यावर मिळेल. जाहिरातदाराच्या बाजूचं शुल्क वजा झाल्यावर उरतं त्याचे ८० टक्के आपल्याला येतात. गूगल अ‍ॅड्समधून येणाऱ्या जाहिरातींत हा हिस्सा एकूण धरला तर सरासरीने पूर्वीच्या ६८ टक्क्यांइतकाच पडतो. म्हणून जुन्या व्हिडिओंमध्ये 'एका क्लिकचे इतके मिळतात' असं ऐकलं तर ते आजच्या हिशेबाचं नाही. क्लिकला महत्त्व अजून आहे, कारण क्लिकचे पैसे मोजणारा जाहिरातदार किती बोली लावेल ते 'या जागी क्लिक होण्याची शक्यता किती' यावरच ठरतं. पण तो परिणाम आता बोलीच्या वाटेने तुमच्यापर्यंत पोहोचतो.

## २. ब्लॉक केल्यावर आत नेमकं काय घडतं ते समजून घ्या

घाई असेल तर बाकीचं चाळा, पण हा टप्पा नीट वाचा.

तुमचं पान उघडतं त्या क्षणी त्यातल्या प्रत्येक जाहिरातीच्या जागेसाठी लिलाव होतो. बाजार समितीतल्या लिलावासारखाच, फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारा. समजा एका जागेसाठी तीन बोल्या आल्या: एका बँकेची ९० पैसे, ट्रॅक्टरवाल्याची ७० पैसे आणि कुठल्याशा गेमची ४० पैसे. बँक जिंकते.

आता तुम्ही बँकेचा गट ब्लॉक केलात. ट्रॅक्टरवाला जिंकतो आणि त्या एका दर्शनामागे २० पैशांची बोली गेली. हे सरळ आहे. त्याऐवजी गेम ब्लॉक केलात तर काय होईल? या लिलावात काहीच नाही, कारण ती जिंकत नव्हतीच. 'कमी दराच्या जाहिराती ब्लॉक करा, कमाई वाढेल' हा सल्ला इथेच फसतो. लिलाव स्वतःच कमी बोलीला बाजूला सारत असतो, ते काम तुम्ही पुन्हा करायची गरज नाही. आणि रात्री दोन वाजता कुणी जुना लेख उघडला, बँक नाही, ट्रॅक्टरवाला नाही, एकटी गेमच बोली लावतेय अशी वेळ आली, तर तिला ब्लॉक केलेलं असल्याने जागा रिकामी जाते. मराठी पानांवर बोली लावणारे मुळात इंग्रजीपेक्षा कमी. अ‍ॅडसेन्सने मराठी भाषेला पाठिंबा दिला तोच २०१८ मध्ये. बोली लावणारे थोडे असताना त्यातला एक कमी होणं जास्त जाणवतं.

दुसरा परिणाम सावकाश होतो. अ‍ॅडसेन्स २०२१ च्या अखेरीस पहिल्या किमतीच्या लिलावावर आलं, म्हणजे जिंकणारा स्वतःच्या बोलीइतकेच पैसे देतो. त्याआधी तो दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या आसपास देत असे. पहिल्या किमतीच्या लिलावात खरेदीदाराची यंत्रणा सतत चाचपत असते, की किती कमी बोली लावूनही जागा मिळेल. स्पर्धक कमी झाले की हे तिच्या लक्षात येतं आणि बोली हळूहळू उतरते. व्यापारी कमी आले की गाडीला भाव पडतो, तसंच. म्हणून ब्लॉक केल्याचा खरा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो त्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात जास्त स्पष्ट दिसतो.

## ३. आधीची नोंद करून ठेवा

काहीही ब्लॉक करण्याआधी किमान दोन आठवड्यांची दिवसवार नोंद घ्या: पानदर्शनं, जाहिरातींची इंप्रेशन (जाहिराती किती वेळा दिसल्या), कव्हरेज, क्लिक, सीटीआर, सीपीसी, पेज आरपीएम, कमाई. कव्हरेज म्हणजे मागितलेल्या जाहिरातींपैकी किती मागण्यांना जाहिरात मिळाली. जागा रिकाम्या जाऊ लागल्या तर ते आधी याच आकड्यात कळतं.

देशवार फोड जरूर काढा. माझे बहुतेक वाचक नाशिक, सांगली, सोलापूर भागातले. पण दुबईत किंवा अमेरिकेत राहणारा मुलगा गावच्या बागेसाठी वाचतो तेव्हा त्याच्या दर्शनाची बोली इथल्यापेक्षा खूप वेगळी असते. अशा वाचकांचा वाटा एखाद्या आठवड्यात थोडा जरी हलला तरी सरासरी आरपीएम हलतो, आणि तुम्ही समजता की ब्लॉकिंगने झालं. मी आता भारतातला आरपीएम वेगळा काढूनच तुलना करतो.

तुलना सोमवारची सोमवारशी, रविवारची रविवारशी. आणि सुरुवात सणात किंवा हंगामात करू नका. माझ्या साइटवर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या दोन्ही वेळी गर्दी उसळते. त्यातच दिवाळीच्या आधी जाहिरातदार हात सैल सोडतात आणि जानेवारीत आवळतात. माझी पहिली चूक ऑक्टोबरातच झाली होती, म्हणून कमाईतला किती भाग ब्लॉकिंगने गेला आणि किती हंगामाने, हे मला आजही नेमकं सांगता येत नाही.

## ४. कोणती जाहिरात नकोय ते नेमकं ओळखा

स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातीवर क्लिक करून 'बघू कुठे जाते' असं कधीही करू नका. तो अवैध क्लिक धरला जातो आणि खातं अडकू शकतं. घरच्यांनाही सांगून ठेवा.

त्याऐवजी वाचकाकडून स्क्रीनशॉट मागवा. त्यात जाहिरातदाराचं नाव किंवा साइटचा पत्ता बहुतेक वेळा दिसतो. जाहिरातीच्या कोपऱ्यात निळ्या त्रिकोणाचं छोटं चिन्ह असतं, त्यातून 'ही जाहिरात का दिसली' आणि जाहिरातदार कोण, हे उघडतं. मोबाइलवर बोट घसरून जाहिरातीवरच पडतं, म्हणून हे काम मोठ्या पडद्यावर, माउसने करा. जाहिरातदाराचं नाव मिळालं की गूगलच्या अ‍ॅड्स ट्रान्स्परन्सी सेंटरवर टाका. मार्च २०२३ पासून ती सोय सगळ्यांना खुली आहे आणि त्या जाहिरातदाराच्या बाकीच्या जाहिराती तिथे दिसतात. एखादी जाहिरात चुकून वाईट निघाली, की माणूसच तसा आहे, हे पाच मिनिटांत कळतं.

मग स्वतःला विचारा: ही जाहिरात मला का नकोय? वाचकाचं नुकसान होईल म्हणून, साइटच्या विषयाला शोभत नाही म्हणून, की 'हिचे पैसे कमी मिळत असतील' म्हणून? तिसरं कारण असेल तर टप्पा दोन पुन्हा वाचा आणि तिला राहू द्या.

## ५. लहान हत्यारापासून सुरुवात करा

अ‍ॅडसेन्सच्या डाव्या यादीत 'ब्रँड सेफ्टी', त्यात 'कंटेंट', त्यात 'ब्लॉकिंग कंट्रोल्स' असं आत जायचं. नावं आणि जागा अधूनमधून बदलतात, पण सोयी त्याच राहतात. आत गेल्यावर नेम कमी-जास्त असलेली पाच हत्यारं मिळतात.

एकच जाहिरात. 'अ‍ॅड रिव्ह्यू सेंटर'मध्ये तुमच्या साइटवर दिसलेल्या जाहिरातींचे नमुने असतात. शब्द किंवा पत्ता टाकून शोधता येतं आणि तेवढीच जाहिरात बंद करता येते. कमाईवर परिणाम नगण्य. पण तोच जाहिरातदार उद्या चित्र बदलून परत येतो, म्हणून तिथेच त्याचं संपूर्ण जाहिरात-खातं ब्लॉक करायचा पर्याय आहे, तो वापरा. कर्जवाल्या अ‍ॅप्ससाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

जाहिरातदाराचा पत्ता. ठरावीक साइटकडे नेणाऱ्या जाहिराती बंद करायच्या असतील तर तिचा पत्ता द्या. सुरुवातीचं 'एचटीटीपी' आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' गाळा. मुख्य नाव दिलं की त्याखालचे सगळे विभाग ब्लॉक होतात. इथे जपून: एखाद्या मोठ्या खरेदीच्या साइटवरच्या एका विक्रेत्याचा राग येऊन सबंध साइटचा पत्ता टाकलात, तर दिवसभर बोली लावणारा मोठा गिऱ्हाईक तुम्ही घालवलात. पूर्वी या सोयीला कॉम्पिटिटिव्ह अ‍ॅड फिल्टर म्हणत, कारण तिचा मूळ उपयोग स्वतःच्या स्पर्धकाच्या जाहिराती टाळण्याचा होता. तुम्ही स्वतः रोपं किंवा खतं विकत असाल तर आजही तो उपयोग रास्त आहे.

संवेदनशील गट. झटपट श्रीमंती, वजन घटवणं, डेटिंग, काळी जादू-ज्योतिष, अल्पमुदतीची कर्जं असे गट इथे असतात. प्रत्येक गटासमोर मागच्या काही दिवसांत तुमच्या इंप्रेशनचा आणि कमाईचा किती टक्के भाग त्यातून आला, ते लिहिलेलं असतं. बटण दाबण्याआधी हे दोन आकडे वहीत उतरवा. इंप्रेशनचा टक्का मोठा आणि कमाईचा टक्का छोटा असेल तर तो गट बंद करणं स्वस्त पडेल. उलटं असेल तर महाग. स्वस्त असो की महाग, निर्णय तुमचाच आहे, पण किंमत आधी माहीत हवी. आणि समोर कमाईचे ३ टक्के दिसले म्हणून ३ टक्केच जातील असंही नाही: त्या जागा दुसरं कुणीतरी भरतं, म्हणून प्रत्यक्ष तोटा बहुधा त्याहून कमी असतो.

सर्वसाधारण गट. वाहनं, शिक्षण, अर्थव्यवहार, घर-जमीन वगैरे. माझी मोठी चूक इथली. राग एका कर्जाच्या अ‍ॅपचा होता आणि मी बंद केला अर्थव्यवहाराचा सबंध गट. त्यात बँका गेल्या, पीक विमा गेला, म्युच्युअल फंड गेले, म्हणजे शेतकऱ्याच्या उपयोगाच्या आणि चांगली बोली लावणाऱ्या जाहिराती. कुर्‍हाडीने मणी विरळणी करायला गेलो. हा गट बंद करायचाच असेल तर आधी त्याचे उपगट उघडा आणि त्यातला एखादाच निवडा.

वाचकाच्या आवडीनुसार येणाऱ्या जाहिराती. 'अ‍ॅड सर्व्हिंग'च्या पानावर हे बटण आहे. ते बंद केलं की वाचकाने आधी काय पाहिलं यावर बेतलेल्या जाहिराती थांबतात आणि फक्त पानाच्या मजकुरावरून ठरणाऱ्या उरतात. कमाईवर सगळ्यात मोठा घाव याचा पडतो. वाचकाच्या खाजगीपणासाठी जाणूनबुजून बंद करणाऱ्यांचा मला आदर आहे, पण 'विचित्र जाहिराती येतात' एवढ्यासाठी हे बटण दाबू नका.

अनेक साइट असतील तर ब्लॉक करताना वर 'सगळ्या साइट' निवडलंय की एकच, ते बघा. मुलांच्या गोष्टींच्या साइटला लागणारी कडक यादी द्राक्षाच्या साइटला लागत नाही.

## ६. एका वेळी एकच बदल, आणि जमलं तर प्रयोग लावून

'ऑप्टिमायझेशन'मध्ये 'एक्सपेरिमेंट्स' नावाचा भाग आहे. त्यात जाहिरातींचे गट चालू-बंद करून पाहण्याचा प्रयोग लावता येतो: निम्म्या वाचकांना जुनी मांडणी, निम्म्यांना नवी, दोन्ही एकाच काळात. हंगाम, सण, वारी, मॅच, सगळं दोन्ही बाजूंना सारखंच लागू होतं, म्हणून यासारखी चोख तुलना दुसरी नाही.

वर्दळ कमी असेल तर प्रयोगाचा कौल लवकर लागत नाही. तेव्हा हाताने करा: एक गट बंद, पहिला एक-दोन दिवस सोडून द्या कारण बदल सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो, मग तीन ते चार आठवडे नोंद. त्या काळात जाहिरातींच्या जागा हलवू नका, नवी थीम लावू नका, ऑटो अ‍ॅड्सच्या (गूगल जागा स्वतः ठरवतं त्या जाहिरातींच्या) सेटिंगला हात लावू नका. दोन बदल एकदम केले तर कोणत्याने काय झालं ते कधीच कळत नाही.

## ७. निकाल कसा वाचायचा

दोन उदाहरणं घेऊ. आकडे समजावण्यासाठी मानलेले आहेत, पण असं घडतं ते नक्की.

समजा आधी २०,००० पानदर्शनं, ४०,००० इंप्रेशन, ३२० क्लिक, कमाई २४ डॉलर. सीटीआर ०.८ टक्के, क्लिकमागे ७.५ सेंट, पेज आरपीएम १.२० डॉलर.

पहिलं उदाहरण. मोठ्या बँका-विम्याच्या जाहिराती बंद केल्या. पानदर्शनं तेवढीच, इंप्रेशन ३७,०००, क्लिक ३७०, कमाई २० डॉलर. सीटीआर चक्क १ टक्का झाला. पण क्लिकमागे ५.४ सेंट आणि पेज आरपीएम १ डॉलर. का? मोठे ब्रँड बरेचदा नुसतं दिसण्याचे पैसे मोजतात. त्यांच्या जाहिरातीवर फारसं कुणी क्लिक करत नाही, त्यांची तशी अपेक्षाही नसते. ते गेल्यावर जागा घेतली ती क्लिक ओढणाऱ्या, कमी बोलीच्या जाहिरातींनी. क्लिक वाढले, इंप्रेशनचा आकडा घटला, म्हणून टक्केवारी फुगली. माझं जे झालं ते हेच.

दुसरं उदाहरण. झटपट श्रीमंतीचा गट बंद केला. इंप्रेशन ३९,०००, क्लिक २४०, कमाई २३.४० डॉलर. सीटीआर ०.६२ टक्क्यांवर आला, आणि नवा माणूस इथे घाबरून सगळं पूर्ववत करतो. पण पेज आरपीएम १.१७ डॉलर आहे, म्हणजे हजार पानांमागे ३ सेंटांचा फरक. गेलेले क्लिक हे भडक मथळ्याला भुलून झालेले होते, त्यांची किंमत फार नव्हती. असा सीटीआर गेला तर जाऊ द्या. वाचक तुमच्या लेखावर राहिला हा फायदाच आहे.

म्हणून आधी पेज आरपीएम बघा, मग कव्हरेज, मग सीपीसी, आणि सगळ्यात शेवटी सीटीआर. सीटीआरचं काम एवढंच, की आरपीएम हलण्यामागचं कारण शोधायला मदत करणं.

आणखी एक. रोज दिसते ती कमाई अंदाजे असते. महिना संपल्यावर अवैध क्लिकचे पैसे वजा होऊन पक्का आकडा येतो. अंतिम निष्कर्ष पक्क्या आकड्यावर काढा.

## ८. कमाई पडली म्हणजे ब्लॉकिंगनेच, असं धरू नका

'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' तपासा. साइटचा वेग तपासा. कोणत्या लेखांवर वर्दळ आली ते बघा, कारण औषध फवारणीच्या लेखावर आणि जुन्या हवामानाच्या लेखावर बोली सारखी नसते.

बाहेरच्या घडामोडीही असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. रमी आणि फँटसी टीमच्या जाहिराती त्याआधी मराठी पानांवर धो धो येत. ज्या साइटचा मोठा भाग त्यांनी भरलेला होता, तिचा सीटीआर आणि आरपीएम मालकाने काहीही न करता बदलणार. त्या महिन्यांची तुलना आधीच्या महिन्यांशी करत असाल तर वहीत ही नोंद ठेवा.

## ९. हमखास लागणारे सापळे

- इंटरनेटवर फिरणाऱ्या 'हे पाचशे पत्ते ब्लॉक करा, कमाई दुप्पट' अशा तयार याद्या. त्यातले अर्धे पत्ते मेलेले असतात आणि उरलेल्यांत तुमचे चांगले जाहिरातदारही असू शकतात.
- गट बंद केला म्हणजे त्यातली प्रत्येक जाहिरात थांबली असं समजणं. वर्गीकरण आपोआप होतं, काही निसटतात. निसटलेली दिसली की रिव्ह्यू सेंटरमधून तिचं खातं ब्लॉक करा, आणखी मोठा गट बंद करू नका.
- ब्लॉक करून विसरणं. माझ्या यादीत दोन वर्षांपूर्वीचे असे पत्ते निघाले, जे का टाकले ते मलाच आठवेना. म्हणून ती वही.
- सीटीआर पडला म्हणून जाहिराती मेनूच्या किंवा डाउनलोडच्या बटणाशेजारी सरकवणं, किंवा 'आम्हाला मदत म्हणून क्लिक करा' असं लिहिणं. दोन्ही नियमाविरुद्ध आहे आणि खातं जाऊ शकतं. जाहिरातीवर मथळा द्यायचाच तर 'जाहिरात' एवढाच द्या.

## १०. किंमत माहीत असूनही मी काय बंद ठेवतो

माझ्या साइटवर आज चार गोष्टी बंद आहेत. अल्पमुदतीच्या कर्जांचा गट. झटपट श्रीमंतीचा गट. काळी जादू-ज्योतिषाचा गट: ज्या राज्याने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तिथल्या शेतकऱ्याच्या पानावर 'वशीकरण चोवीस तासांत' दिसणं मला सहन होत नाही. आणि वजन घटवण्याच्या औषधांचा गट. अर्थव्यवहाराचा मोठा गट मी परत उघडला, त्यातली बँक आणि विमा परत आले, तसा आरपीएमही सावरत गेला. या चारांमुळे थोडी कमाई जाते, ती मी साइटच्या खर्चातच धरतो, होस्टिंगच्या बिलासारखी.

आणि एक काम जे आकड्यांत येत नाही. साइटच्या तळाशी मी दोन ओळी ठेवल्या आहेत: 'जाहिराती आपोआप येतात, त्या आमची शिफारस नाहीत. फसवी वाटली तर स्क्रीनशॉट पाठवा.' आला की त्याच दिवशी रिव्ह्यू सेंटर उघडतो. जाहिरात कर्जाची असेल तर रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून आपल्या साइटवर ठेवलेल्या डिजिटल कर्ज-अ‍ॅप्सच्या यादीत नाव आहे का ते पाहतो आणि वाचकालाही तीच यादी पाठवतो. कुणाचे पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगतो, मग बाकीचं बोलतो. त्या हेल्पलाइनचा नंबर तेव्हा मला माहीत असता तर काकांना त्याच फोनवर सांगितला असता. आता तो ठिबकच्या अनुदानाच्या लेखात, अर्जाच्या कागदपत्रांच्या यादीखाली, ठळक अक्षरांत आहे.